ग्राउंडवरून आल्यावर गणित का सुटत नाही?

«नमस्कार. वय २३, वजन ६२ किलो. गावाहून पोलीस भरतीच्या तयारीसाठी पुण्यात आलोय. पहाटे साडेचारला उठतो, सव्वापाचला ग्राउंड. आठवड्यातले सहा दिवस पूर्ण जोर: दोन किलोमीटर वॉर्मअप, मग ४०० मीटरचे सहा-आठ राऊंड किंवा १६०० मीटरचं टायमिंग, त्यानंतर गोळा आणि शंभरचे स्प्रिंट. सातला सुटतो. सोळाशेला ५ मिनिटं ३५ सेकंद लागतात, ५.१० वर आणायचे आहेत. ग्राउंडवरचे सिनियर सांगतात रिकाम्या पोटीच पळायचं, म्हणून काही खात नाही. नंतर अंघोळ, चहा-बिस्कीट आणि आठला अभ्यासिका. मेसचा डबा साडेअकराला येतो, रात्रीचं जेवण साडेआठला. रात्री बारापर्यंत वाचन. अडचण अशी की नऊ ते अकरा गणित-बुद्धिमत्ता घेऊन बसतो तेव्हा डोकं चालतच नाही. शेकडेवारीची साधी गणितं चुकतात, एकच ओळ चारदा वाचतो, चिडचिड होते. रविवारी ग्राउंड नसतं तेव्हा तीच गणितं सुटतात. रूममेट म्हणतो, जोरात पळालं की मेंदूतली साखर संपते, ग्लुकोज पावडर घे. हे खरं आहे का? ग्राउंड कमी करू की गणित दुपारी घेऊ?»

तुमचा रूममेट अर्धा बरोबर आहे. मेंदूत साखरेचा स्वतःचा साठा असतो आणि दमछाक होईपर्यंतच्या व्यायामात तो खालावतो. मात्र हा साठा फार लहान असतो. तो भरायचा माल रक्तातून येतो, आणि तुमच्याकडे रात्री साडेआठपासून दुसऱ्या दिवशी साडेअकरापर्यंत, म्हणजे पंधरा तास, रक्तात एक चहा आणि चार बिस्किटांपलीकडे काही पडत नाही. त्यातले पावणेदोन तास तुम्ही जीव तोडून पळता. ग्राउंड बंद करायची गरज नाही. या पंधरा तासांची मांडणी बदलायची आहे.

आधी आकडे बघू, म्हणजे पुढचं पटेल. मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो, शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. ग्लुकोजच्या भाषेत दिवसाला १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे तासाला पाचेक ग्रॅम. शरीरात ग्लुकोज साठवायची पद्धत म्हणजे ग्लायकोजेन, साखरेच्या कणांची गुंफलेली साखळी. पायांच्या आणि बाकीच्या स्नायूंत ते ३०० ते ५०० ग्रॅम मावतं, पोटभर जेवल्यावर यकृतात ८० ते १०० ग्रॅम. अख्ख्या मेंदूत? एक ते दोन ग्रॅम. चहात घालतो त्या चमचाभर साखरेपेक्षाही कमी. बाहेरून काहीच आलं नाही आणि मेंदू फक्त यावरच चालला, तर हिशेबाने पाव ते अर्ध्या तासाच्या आतच तळ दिसेल.

मग इतक्याशा साठ्याचा उपयोग काय? तो असतो ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींत. या पेशी मज्जापेशींना चिकटून असतात आणि त्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था बघतात. एखाद्या भागात काम अचानक वाढलं की रक्तातून येणारं ग्लुकोज क्षणभर कमी पडतं. तेव्हा ॲस्ट्रोसाइट आपलं ग्लायकोजेन फोडून त्याचं लॅक्टेट, म्हणजे साखर अर्धवट फुटून होणारं इंधन, करतात आणि मज्जापेशीच्या हातात देतात. घरात पाण्याची टाकी असली तरी नळाशेजारी एक भरलेली कळशी ठेवतात, तसं हे. २०११ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात हिप्पोकॅम्पस या आठवणींच्या भागात ग्लायकोजेन फुटण्याची क्रिया औषधाने थांबवली, तर शिकलेली गोष्ट दीर्घकाळ टिकेनाशी झाली. म्हणजे ही कळशी पाठांतराच्या कामाची आहे, आणि तुमच्यासाठी तेवढंच कारण पुरे.

व्यायामात तिचं काय होतं, याचा पाठपुरावा जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातल्या माट्सुई, सोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २०११ मध्ये त्यांनी उंदरांना मध्यम वेगाने दोन तास ट्रेडमिलवर पळवलं. रक्तातली साखर खाली आली आणि मेंदूच्या पाचही तपासलेल्या भागांत ग्लायकोजेन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, काही ठिकाणी निम्म्याहून जास्त घटलं. २०१७ मध्ये त्याच गटाने दाखवलं की मेंदूतलं ग्लायकोजेन फोडायचा मार्ग अडवला तर उंदीर लवकर थकून थांबतात. पळण्याचा दम पायांत असतो तसा थोडा डोक्यातही असतो, तो असा. माणसाची कवटी उघडून असं मोजता येत नाही, म्हणून माणसातला पुरावा आडमार्गाचा आहे. तरीही दिशा तीच. अमेरिकेत १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंची रक्तशर्करा तपासली, तेव्हा ज्यांची खूप खाली गेली होती ते पांढरेफटक, गोंधळलेले दिसत होते. पुढच्या वर्षी धावपटूंना आधी भरपूर पिष्टमय जेवण आणि शर्यतीत गोळ्या-चॉकलेट दिल्यावर चित्र सुधारलं.

आता तुमचं पळणं मॅरेथॉनसारखं नाही. तुम्ही ४०० चे राऊंड मारता, दमछाक होते, थांबता, पुन्हा पळता. या जोराच्या व्यायामात पहिल्या टप्प्यात एक उलटी गोष्ट घडते: रक्तातली साखर पडत नाही, बऱ्याचदा चढते. ॲड्रेनलिन हे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक यकृताला हुकूम देतं आणि यकृत साठा बाहेर ढकलतं. त्याच वेळी पायांतून लॅक्टेटचा लोंढा रक्तात येतो आणि मेंदू ग्लुकोज कमी उचलून लॅक्टेट वापरू लागतो. फिनलंडमध्ये तुर्कू इथे २००५ साली सायकल चालवणाऱ्या तरुणांच्या मेंदूची छायाचित्रं घेऊन हे दाखवलं गेलं: व्यायामाचा जोर जितका जास्त, तितकी मेंदूची ग्लुकोजची उचल कमी. ग्राउंडवर ज्याला सगळे शिव्या घालतात ते लॅक्टेट तुमच्या डोक्याचं त्या वेळचं खाद्य आहे. दुसऱ्या दिवशीच्या पायदुखीशीही त्याचा संबंध नाही, तासाभरात ते रक्तातून निघून गेलेलं असतं.

इथे एक गल्लत टाळा. शेवटचा राऊंड संपवून गप्पकन थांबलात आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती साखर नव्हे. पळताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि मेंदूकडे कमी जातं. शिवाय जोरात धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आवळतात. उपाय साधा आहे: रेषा ओलांडली की गुडघ्यांवर हात ठेवून उभं राहायचं नाही, पाच मिनिटं चालायचं.

तुमचा खरा त्रास मात्र पळताना होत नाही, दोन तासांनी होतो. त्यामागची साखळी अशी. रात्रीच्या झोपेत यकृताचा साठा बराच उतरलेला असतो, कारण रात्रभर मेंदूला तोच पोसतो. साडेचारला तुम्ही उठता तेव्हा टाकी निम्मी किंवा त्याहून कमी. त्यावर पावणेदोन तासांचं ग्राउंड. पायांत अजून भरपूर ग्लायकोजेन शिल्लक असू शकतं, पण ते मेंदूच्या थेट उपयोगाचं नाही: स्नायूपेशीकडे ग्लुकोज रक्तात परत सोडायचं एन्झाइमच नसतं. ती सोय यकृताकडे आहे. सात वाजता लॅक्टेट ओसरतं, ॲड्रेनलिन उतरतं, आणि मेंदू पुन्हा पूर्णपणे रक्तातल्या ग्लुकोजवर येतो. नेमक्या याच वेळी रिकामे झालेले स्नायूसुद्धा रक्तातून साखर ओढू लागतात. मागणारे दोन, देणारं यकृत एक, आणि ते स्वतः रिकामं.

शरीर काही लगेच कोसळत नाही. यकृत लॅक्टेट, चरबीतलं ग्लिसरॉल, प्रथिनांचे तुकडे यांपासून नवी साखर बनवतं आणि रक्तातली पातळी राखतं. त्यामुळे दहा वाजता बोटातलं रक्त तपासलंत तर बहुधा आकडा ठीकच येईल. पण ती राखण्यासाठी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं चढती ठेवावी लागतात. चिडचिड, छातीत हलकी धडधड, हातांना बारीक कंप, एका जागी लक्ष न ठरणं, हा त्याचा चेहरा. शेकडेवारीच्या गणितात दोन आकडे मनात धरून तिसरा काढायचा असतो. असलं काम या अवस्थेत सगळ्यात आधी ढासळतं. चालू घडामोडींचं वाचन त्या मानाने तग धरतं.

रिकाम्या पोटी पळायचा सल्ला कुठून आला ते कळतं. भरल्या पोटी ४०० मारले तर उलटी होते, आणि उपाशी पळताना चरबी जास्त जळते हेही खरं. अडचण एवढीच की मेंदू चरबी जाळू शकत नाही, आणि एका रात्रीच्या उपासात पर्यायी इंधन म्हणून चालतील इतके कीटोनही तयार होत नाहीत. अर्धा-पाऊण तास बोलत-बोलत जॉगिंग करायचं असेल तर उपाशी पोट चालेल. टायमिंगच्या दिवशी चालणार नाही.

आता काय करायचं ते.

साडेचारला उठल्या-उठल्या २० ते २५ ग्रॅम पिष्ट (कार्बोहायड्रेट) पोटात जाऊ द्या: एक मध्यम केळं, किंवा तीन-चार खजूर, किंवा एक राजगिऱ्याचा लाडू आणि एक खजूर. सोबत ग्लास-दीड ग्लास पाणी. ग्राउंडला पाऊण तास आहे, तेवढ्यात हे खाली उतरतं. सवय नसेल तर पहिले तीन-चार दिवस अर्धंच केळं खा. आतड्यालाही सराव लागतो. भिजवलेले हरभरे या वेळी नकोत. ते चांगले आहेत, पण हळू पचतात आणि चौथ्या राऊंडला पोटात गोळा येतो. ते ग्राउंडनंतर खा.

सर्वांत महत्त्वाचं खाणं म्हणजे सातनंतरचं, आणि तुमच्याकडे नेमकं तेच नाही. मैदान सोडल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम पिष्ट, म्हणजे तुमच्यासाठी सुमारे ६० ग्रॅम, आणि १५ ते २० ग्रॅम प्रथिनं. दोन केळी, एक ग्लास दूध आणि दोन उकडलेली अंडी यांत हे बसतं. अंडी खात नसाल तर मोठी प्लेट पोहे, वर मूठभर शेंगदाणे आणि ग्लासभर दूध. सगळ्यात स्वस्त सोय हवी असेल तर रात्रीच्या मेसमधून तीन चपात्या बाजूला काढून ठेवा आणि सकाळी गूळ लावून, वाटीभर भिजवलेल्या हरभऱ्यांसोबत खा. चहा-बिस्कीट ही न्याहारी नाही: चार ग्लुकोज बिस्किटांत वीसेक ग्रॅम पिष्ट आणि नावापुरती प्रथिनं असतात. चहा प्या, पण या खाण्यासोबत.

उंदरांच्या प्रयोगांतली एक गोष्ट इथे लागू पडते. २०१२ मध्ये त्सुकुबाच्याच गटाला दिसलं की पूर्ण थकवणाऱ्या व्यायामानंतर मेंदूचं ग्लायकोजेन सहा तासांत नुसतं भरून येत नाही, आधीच्या पातळीच्या वर जातं. स्नायूंना त्यासाठी चोवीस तास लागले. आणि चार आठवडे नियमित पळवलेल्या उंदरांत विश्रांतीच्या वेळचा साठाही कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) आणि हिप्पोकॅम्पसमध्ये थोडा वाढलेला मिळाला, दहा टक्क्यांच्या आतच. उंदराचे सहा तास म्हणजे माणसाचे सहा तास असं धरू नका, पण क्रम लक्षात घ्या: भरताना मेंदूचा नंबर पायांच्या आधी लागतो. तुम्ही कच्चा माल वेळेवर दिलात, तर पळणं तुमच्या डोक्याच्या विरोधात जाणार नाही.

दिवसभराचा हिशेबही पुरा पडला पाहिजे. तुमच्या वजनाला आणि या मेहनतीला रोज ३१० ते ३७० ग्रॅम पिष्ट लागतं. मध्यम चपातीत १५ ते १८ ग्रॅम, वाटीभर मोकळ्या भातात ३५ ते ४५, ज्वारीच्या एका भाकरीत ४० च्या आसपास. मेसमध्ये चार चपात्या, वाटी-दीड वाटी भात, आमटी किंवा उसळ अशी दोन जेवणं घेतली की ३०० च्या घरात जाता. उरलेलं सकाळच्या खाण्यातून येतं. भरतीची मुलं «पोट सुटतं» म्हणून भात सोडतात. सहा दिवस पळणाऱ्या, ६२ किलोच्या माणसाने भात सोडायचं काहीही कारण नाही.

ग्लुकोज पावडर? वाईट नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ती नाही. तिच्यातून फक्त साखर मिळते, तीही अर्ध्या तासाच्या कामाची. दोन मोठे चमचे पाण्यात घालून पळण्याच्या तीस ते साठ मिनिटं आधी प्यालात, तर काहींच्या शरीरात इन्सुलिन उसळतं आणि पळायला लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांत साखर उलटी खाली जाते, पाय जड वाटतात. घ्यायचीच असेल तर वॉर्मअप संपताना, पहिल्या राऊंडच्या पाच-दहा मिनिटं आधी घोट-घोट घ्या. एक गंमत सांगण्यासारखी आहे. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सायकलपटूंना तासभराच्या शर्यतीत बेचव पिष्टाच्या पाण्याने फक्त चूळ भरायला लावली, गिळायचं नव्हतं. तरी वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. तोंडात साखर आली एवढी खबरच मेंदूला पुरली. पण तो तासभराचा खेळ होता. साडेपाच मिनिटांच्या सोळाशेत यावर भिस्त ठेवू नका.

पाण्याकडे तुमचं लक्ष दिसत नाही. ग्राउंडच्या आधी लघवी करून आणि नंतर घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. वजनाच्या २ टक्के, तुमच्या बाबतीत सव्वा किलोच्या पुढे घट झाली की लक्ष लागण्यावर परिणाम दिसू लागतो. जितकं घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या दोन-तीन तासांत प्या, त्यातला एक ग्लास चिमूटभर मीठ आणि दोन चमचे साखर घातलेलं लिंबू सरबत असू द्या. ओआरएस वापरलंत तर पाकिटावर लिहिलेल्या मापातच पूर्ण पाकीट घाला. घट्ट पाजलं तर जास्त फायदा होतो हा गैरसमज आहे.

आणि आता ती गोष्ट, जी तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत: रात्री बारापर्यंत वाचन आणि साडेचारला उठणं. म्हणजे साडेचार तास झोप. आमच्या मते तुमच्या नऊ ते अकराच्या धुक्यातला मोठा वाटा साखरेचा नसून या झोपेचा आहे, आणि रविवारी गणितं सुटतात त्याचं श्रेयही कदाचित रविवारच्या जास्त झोपेला असेल. रविवारी किती वाजता उठता, हे लिहायला तुम्ही विसरलात! केळं खाऊन साडेचार तासांची झोप भरून निघत नाही. दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच होतं, त्यामुळे दहा ते बाराचं वाचन सकाळी गळून जातं. दहाला दिवा बंद करा. कमी पडले असं वाटलं तर दुपारी एकला वीस मिनिटांची डुलकी घ्या, गजर लावून. त्याहून लांब झोपलात तर उठल्यावर तासभर जड वाटेल.

सहा दिवस पूर्ण जोर, हेही चूक. २०१९ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी ट्रायथलॉनपटूंच्या (पोहणं, सायकल आणि पळणं अशी तिहेरी शर्यत करणाऱ्यांच्या) एका गटाचा सराव तीन आठवडे सुमारे ४० टक्क्यांनी वाढवला. पाय थकलेच, पण निर्णयही बदलले. थांबून मोठा फायदा घेण्याऐवजी लगेच मिळणाऱ्या लहान फायद्याकडे ते झुकू लागले, आणि कपाळामागच्या, आवर घालणाऱ्या भागाची हालचाल मंदावलेली दिसली. पर्याय पटापट उडवत जाणारा, निगेटिव्ह मार्किंगच्या सराव परीक्षेत तुक्के मारणारा मुलगा आळशी नसतो, कधीकधी तो नुसता अतिसरावलेला असतो.

जोराचे दिवस तीन ठेवा. मंगळवारी ४०० चे सहा, प्रत्येकी ७८ ते ८० सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालत विश्रांती. ५.१० साठी ४०० ला सरासरी साडेसत्त्याहत्तर सेकंद लागतात, आत्ता तुमचे जवळजवळ चौऱ्याऐंशी पडतात, म्हणून एकदम ७५ चा हव्यास नको. गुरुवारी गोळा आणि शंभरचे स्प्रिंट. शनिवारी ८०० चे तीन, आणि पंधरा दिवसांतून एकदा त्याऐवजी सोळाशेचं टायमिंग. सोमवार, बुधवार, शुक्रवार २५ ते ३५ मिनिटं संथ, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. अशा हलक्या पळण्यानंतरचा तासभर डोकं उलट तरतरीत असतं, म्हणून या तीन दिवशी गणित नऊलाच घ्या. जोराच्या दिवशी नऊला चालू घडामोडी, मराठी व्याकरण, आणि गणित साडेदहाच्या पुढे. गणित कायमचं दुपारवर ढकलू नका. मेसच्या जेवणानंतरचे दोन तास त्यासाठी आणखी वाईट.

फरक पडतोय का, हे अंदाजाने ठरवू नका. वीस प्रश्नांचे एकाच पातळीचे संच काढा, रोज साडेदहाला २५ मिनिटांत एक सोडवा, आणि वहीत चार रकाने ठेवा: किती तास झोपलो, सातनंतर काय खाल्लं, ग्राउंड कसलं होतं, किती बरोबर. पहिला आठवडा काहीही न बदलता नोंदी. दुसऱ्यात फक्त खाणं बदला. तिसऱ्यात झोप. दोन्ही एकदम बदललंत तर कशाने सुधारलं ते कळणार नाही, आणि महिन्याभराने तुम्ही पुन्हा चुकीची गोष्ट सोडून द्याल. ग्राउंडचं वेळापत्रक चौथ्या आठवड्यात.

कुणाकडे ग्लुकोमीटर असेल तर धुकं जाणवतं त्याच वेळी, हात धुऊन, एकदा तपासा. आकडा ७० च्या वर आला तर रक्तातली साखर पडलेली नाही एवढंच कळतं, मग झोपेकडे आधी बघा. दोनदा ५५ च्या खाली आला, किंवा सकाळी उपाशी पोटी १२६ किंवा जास्त आला, तर डॉक्टरांकडे जा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वरचं कुठलंही वेळापत्रक डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नये.

नवरात्रात किंवा एकादशीला उपवास करत असाल तर रताळं, राजगिरा, केळी, दूध यांवर हलकं पळणं होतं. निर्जळी उपवासाला जोराचं ग्राउंड नको. रोजे ठेवणाऱ्या मित्रांनी जोराचा सराव इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी घ्यावा.

काही लक्षणं घरगुती उपायांची नाहीत. पळत असताना, थांबल्यावर नव्हे, शुद्ध हरपणं. छातीत दुखणं. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असणं. यांपैकी एकही असेल तर ईसीजी आणि हृदयाची तपासणी होईपर्यंत ग्राउंड बंद. उन्हाळ्यात सोबतचा मुलगा बरळायला लागला, अंग भाजत असेल, तर ते साखर कमी होणं समजून बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी कधीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आणि मैदानाबाहेर «दम वाढवायचं» इंजेक्शन कुणी देऊ केलं, तर तो माणूस कितीही ओळखीचा असला तरी उलट पावली निघा.

भरतीच्या प्रत्यक्ष दिवशी गणित वेगळं असतं. पहाटे रांगेत उभं करतात, मग कागदपत्रं, उंची-छाती, आणि तुमच्या बॅचचं सोळाशे कधी दहाला, कधी उन्हात बाराला येतं. पहाटेचं केळं तोवर केव्हाच संपलेलं असतं. लेखी परीक्षा त्या दिवशी नसते, पण उपाशी डोक्याने वेग चुकतो: पहिला राऊंड ७२ ला आणि चौथा ९० ला पडतो तो असाच. पिशवीत तीन केळी, चार राजगिऱ्याचे लाडू, पाण्याची मोठी बाटली आणि वेगळ्या छोट्या बाटलीत लिंबू-मीठ-साखर ठेवा. दर दोन तासांनी एक केळं किंवा दोन लाडू, शेवटचं खाणं पळण्याच्या पाऊण ते एक तास आधी. यातलं प्रत्येक आधी सरावाच्या ग्राउंडवर खाऊन पाहिलेलं असू द्या. भरतीच्या सकाळी पोटाला नवीन काही देऊ नका.